पाऊस नाही, तरी धरणाचे पाणी खाली-वर का?

पोळा आणि गणपती यांच्या सुमारास अकोला-अमरावतीच्या वृत्तपत्रांतून एक लहानसे कोष्टक नेमाने येऊ लागते. त्यात अप्पर वर्धा, काटेपूर्णा, वान, शहानूर अशी नावे एकाखाली एक मांडलेली असतात आणि प्रत्येक नावासमोर मीटर, दलघमी व टक्के असे तीन आकडे दिलेले असतात. कपाशीला बोंडे धरण्याच्या या दिवसांत हे कोष्टक वऱ्हाडात ज्या आस्थेने वाचले जाते, ती आस्था एरवी बाजारभावाखेरीज दुसऱ्या कोणत्याही मजकुराच्या वाट्याला क्वचितच येते. साहजिकच वाचणाऱ्याच्या मनात शंका उभी राहते : चार दिवस थेंब नाही, आणि तरी धरण दहा सेंटिमीटर चढले कसे? भर पावसाळ्यात ते उतरले कसे? आणि धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे असे कळले, म्हणजे त्यामागोमाग तिसरी शंका येते, व ती बहुधा थोड्या रागाने विचारली जाते : या विजेपायी आमच्या वाट्याचे पाणी खर्ची पडते काय?

या तीन शंकांचा खुलासा एकमेकींत गुंतलेला आहे. म्हणून तो क्रमाने करू.

१. पट्टीवरचा आकडा कशाचा?

वानची पूर्ण संचय पातळी ४१२ मीटर, शहानूरची ४५०, काटेपूर्णेची ३४७.७७ आणि अप्पर वर्धेची ३४२.५० असे सांगितले, म्हणजे पुष्कळांची समजूत अशी होते की या चौघांत शहानूर सर्वांत खोल आणि अप्पर वर्धा सर्वांत उथळ. वस्तुतः मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा, ज्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे सुरेख नाव दिलेले आहे, ते ५६४ दलघमी उपयुक्त साठ्याचे धरण या चौघांत कितीतरी मोठे. महानचे काटेपूर्णा ८६ दलघमींचे, वारी भैरवगडाचे वान, अर्थात हनुमान सागर, सुमारे ८२ दलघमींचे, आणि अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर ४६ दलघमींचे, म्हणजे सर्वांत लहान. कोष्टकातले मीटर हे पाण्याच्या खोलीचे नसून समुद्रसपाटीपासून पाण्याचा पृष्ठभाग किती उंचीवर आहे याचे असतात. आणि सातपुड्याच्या कुशीतले धरण वर्धेच्या खोऱ्यातल्या धरणापेक्षा उंच जागी असावे यात नवल ते काय? दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, साध्या हिशेबाने शंभर कोटी लिटर.

हा आकडा धरणावर उभ्या केलेल्या रंगीत मापनपट्टीवरून घेतात. परंतु उघड्या जलाशयावर लाटा असतात, आणि लाट पट्टीवर आपटत असताना तिच्यावरचे सेंटिमीटर कोणी वाचावेत? म्हणून चांगल्या बंदोबस्ताच्या धरणावर कडेला एक अरुंद कूप बांधून तो एका बारीक नळीने जलाशयाशी जोडलेला असतो. पाणी त्यात हळूहळू जलाशयाइतकेच चढते, पण लाटेची धावपळ त्या नळीतून आत शिरू शकत नाही. एरवी ही नोंद दिवसातून एकदा सकाळी होते, पूर असला म्हणजे तासातासाला. यातली ग्यानबाची मेख अशी की, दोन सकाळींच्या मध्ये पाणी किती चढले आणि किती उतरले याचा पत्ता त्या एका नोंदीला नसतो; दिवसभरात पातळी खाली जाऊन रात्रीतून पुन्हा पूर्वस्थळी आली, तर दप्तरी ती हललीच नाही असे दिसेल.

२. कढईचा हिशेब

धरणाचा जलाशय हा सरळ भिंतींचा हौद नव्हे. दोन डोंगरांमधली ती दरी आहे, आणि दरी वर पसरट व खाली निमुळती असते, आपल्या स्वयंपाकघरातल्या कढईसारखी. कढईत तेल काठोकाठ असताना पळीभर काढले तर पातळी हलल्याचे डोळ्यांना कळतही नाही. तेल तळाशी गेलेले असताना तीच पळी काढली तर बोटभर फरक पडतो. पळी तीच, तेल तेवढेच; बदलली ती पृष्ठभागाची रुंदी.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की पातळी आणि साठा या दोन निराळ्या गोष्टी होत. जलाशय अगदी नेमक्या शंकूच्या आकाराचा आहे असे धरले, तर पाण्याची खोली निम्मी झाल्यावर शिल्लक राहणारे पाणी निम्मे नसते, अवघे एक अष्टमांश असते. कारण खोलीबरोबर लांबी आणि रुंदीही निम्मी होते, आणि अर्ध्याचा अर्धा, त्याचाही अर्धा म्हणजे अष्टमांश. खऱ्या दऱ्या इतक्या काटेकोर नसतात, म्हणून प्रत्येक धरणासाठी कोणत्या पातळीला किती पाणी याचा तक्ता मोजणी करून ठेवलेला असतो व वृत्तपत्रातले टक्के त्या तक्त्यातून येतात. फेब्रुवारीत धरण ‘अजून अर्धे दिसते’ म्हणून निश्चिंत राहणाऱ्यास एप्रिलात जो धक्का बसतो, त्याचे मूळ हेच आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १०,००० घनमीटर, अर्थात एक कोटी लिटर. हा आकडा वाचकाने जवळ ठेवावा. पुढच्या सर्व उदाहरणांत तोच उपयोगी पडणार आहे.

३. वीज पाणी पिते काय?

विजेसाठी पाणी वापरले म्हणजे त्यातले काही सत्त्व काढून घेतले जाते, आणि मग पाटाने येते ते पाणी पिकाला तितकेसे मानवत नाही, अशी एक समजूत खेड्यापाड्यांतून पूर्वी होती व अधूनमधून आजही कानी पडते. तिला हसण्याचे कारण नाही. कारण काहीतरी खर्च होते हे त्या समजुतीने बरोबर ओळखले आहे. खर्च होते ते पाणी नव्हे, पाण्याची उंची होय. वर साठवलेले पाणी मोठ्या नळातून खाली येते, आपल्या पडण्याचा जोर टर्बाइनच्या पात्यांवर टाकते आणि तितकेच्या तितके दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. म्हणून विजेचे प्रमाण दोनच गोष्टींवर ठरते : पाणी किती, आणि ते किती उंचीवरून पडले. उंची मोठी असेल तर थोड्या पाण्यात काम भागते, लहान असेल तर पुष्कळ पाणी लागते.

कोयनेचे उदाहरण घेऊ. कोयनेच्या चौथ्या टप्प्याची क्षमता १,००० मेगावॅट असून तेथे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात सुमारे पाचशे मीटर खाली पडते. यंत्रांतली थोडी तूट धरली, तर त्यासाठी सेकंदाला सुमारे २३० घनमीटर पाणी लागेल. संध्याकाळी दिवेलागणीपासून चार तास हा टप्पा पूर्ण भाराने चालला तर सुमारे ३३ लाख घनमीटर पाणी गेले. भरलेल्या शिवसागराचा, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचा, पृष्ठभाग सुमारे ११५ चौरस किलोमीटर. त्यावर मघाचा आकडा लावून पाहिला तर पातळी उतरते ती जेमतेम तीन सेंटिमीटर. चाळीस लाख युनिटे वीज, आणि खर्ची पडले तीन सेंटिमीटर!

आता आपल्या वानकडे या. तेल्हारा तालुक्यातील या धरणावर दीड मेगावॅटचे लहानसे जलविद्युत केंद्र आहे. शहानूरवर त्याहून लहान, पाऊण मेगावॅटचे. समजुतीपुरते असे धरू की दीड मेगावॅटच्या केंद्रावर पाणी ४० मीटर उंचीवरून पडते आणि त्या घडीला जलाशयाचा पृष्ठभाग पाच चौरस किलोमीटर आहे. या हिशेबाने सेकंदाला साडेचार घनमीटर पाणी लागेल. अहोरात्र केंद्र चालले तर ३ लाख ८९ हजार घनमीटर, आणि पातळी उतरेल जवळजवळ आठ सेंटिमीटर. पदरात पडतील ३६ हजार युनिटे. म्हणजे कोयनेला एका युनिटामागे सुमारे आठशे लिटर पाणी लागते, तर असल्या केंद्राला जवळपास अकरा हजार लिटर. पाणी जसजसे उतरते तसतशी पडण्याची उंचीही घटते. चाळिसाचे तीस मीटर झाले की तेच युनिट साडेचौदा हजार लिटरला पडते.

तेव्हा रागाने विचारलेल्या त्या तिसऱ्या प्रश्नात तथ्य आहे असे वाचकाला वाटू लागले असेल. एवढेसे यंत्र आणि एवढे पाणी! परंतु हे पाणी कोणाच्या हुकुमाने सुटते, हे पाहिल्याखेरीज निवाडा करता येत नाही.

४. मालकीण आणि पाहुणी

महाराष्ट्रातली काही धरणे विजेसाठीच जन्मली. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांसाठी, आणि लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर अडवलेल्या त्या पाण्याने फिरणाऱ्या चात्यांवर वऱ्हाडातल्या जिनांतून गेलेला कापूसही पिंजला-कातला गेलाच असेल. अशा ठिकाणी वीज ही घरची मालकीण असते. शहरात दिवे लागले की पाणी सुटते आणि दिवे मालवले की थांबते. सूर्यास्ताचा आणि पातळीचा तेथे थेट संबंध असतो. कोयनेचे पश्चिमेकडे वळवावयाचे पाणीही पाणीवाटपाच्या लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट असे मुक्रर केलेले आहे, आणि त्याचा जमाखर्च १ जून ते ३१ मे असा चालतो. त्यामुळे वर्ष संपत आले म्हणजे शिल्लक किती आणि ती कोणत्या तासांना वापरावयाची याचा बारकाईने विचार करावा लागतो.

असे पाणी एका धरणातून सुटले की बहुधा खालच्या धरणात जमा होते, व तेथे उलटा खेळ दिसतो. कोयनेच्या पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या टप्प्यांतून निघालेले पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात येते आणि तेथून तिसऱ्या टप्प्याला जाते; वरचा विस्तीर्ण शिवसागर तीन सेंटिमीटर उतरला, तर खालचा चिमुकला जलाशय त्याच पाण्याने कितीतरी अधिक चढेल. कढई लहान पडली, एवढेच. आपल्या विदर्भातही हा जोडव्यवहार आहे : पेंच नदीवर तोतलाडोहला १६० मेगावॅटचे वीजघर आहे, तेथून सुटलेले पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात थांबते, आणि नागपूरचे नळ त्यावर चालतात. पाऊस नसताना नवेगाव खैरीचे पाणी चढलेले दिसले, तर आकाशाकडे न पाहता वर तोतलाडोहकडे पाहावे.

वान आणि शहानूर येथली व्यवस्था याहून अगदी निराळी आहे. ही धरणे सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली आहेत, आणि पिण्याच्या पाण्याची तर त्या मुलखात विशेष निकड. कारण पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा असा आहे की तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. अकोट, तेल्हारा, शेगाव या बाजूची तहान वानने भागवावी आणि अंजनगाव-दर्यापूरकडची शहानूरने, अशी तजवीज आहे. वानचे पाणी अकोला शहराला आणि बाळापूरकडे द्यावे की तेल्हाऱ्याच्या शेतीला राखावे, यावरून उठलेला वाद वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात विजेचा पक्ष घेऊन उभा राहिलेला एकही माणूस आढळला नाही, आणि यातच सर्व आले. येथे वीज पाहुणी आहे. कालव्याला पाणीपाळी सोडावयाची ठरली, तर ते पाणी नुसते दाराखालून फेसाळत सोडून देण्याऐवजी टर्बाइनमधून फिरवून मग कालव्यात घालावे, इतकाच तिचा अधिकार. आधी काढलेला अकरा हजार लिटरांचा आकडा म्हणूनच विजेच्या नावे खर्ची टाकता येत नाही. ते पाणी हरभऱ्याला नाहीतरी जावयाचेच होते, जाता जाता ते दिवा लावून गेले.

यंत्र बंद पडले तर? कालव्याच्या टोकाचा शेतकरी रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा आहे, आणि धरणावर वीजवाहिनीत काही बिघाड होऊन टर्बाइन थांबले. आता पाट कोरडा पडू देता येत नाही. म्हणून अशा केंद्रांत टर्बाइनला वळसा घालून जाणारी दुसरी वाट ठेवतात, ती उघडली की कालव्याचे पाणी पूर्ववत होते. मधल्या काळात कालव्यातली पातळी थोडी खाली जाऊन पुन्हा वर येते. पाणी मोजून देणाऱ्या कालवा निरीक्षकाला ती जाणवते, जलाशयाला तिचा गंधही नसतो. मोठ्या वीजघरांत हा प्रसंग अधिक गंभीर असतो. बोगद्यातून वेगाने येणारे पाणी एकाएकी अडवले तर त्याचा धक्का बोगद्याला सोसवणार नाही, यासाठी कोयनेसारख्या ठिकाणी बोगद्याच्या टोकाशी एक खोल उभी विहीर कोरलेली असते. अडलेले पाणी तिच्यात झपाट्याने वर उसळते, खाली येते, पुन्हा वर जाते, आणि काही वेळाने शांत होते. वीजघराच्या सबंध पसाऱ्यात पाण्याची सर्वांत वेगवान चढउतार ती हीच, आणि कोणत्याही कोष्टकात ती येत नाही.

तात्पर्य हे की वान-शहानूरची पातळी दिवेलागणीला हलत नाही. ती हलते रब्बीच्या पाळीला. पातळीचा आलेख काढला तर हिवाळ्यात तो जिन्यासारखा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरताना दिसेल : पाळी सुरू, की उतार, पाळी बंद, की जवळजवळ सपाट.

५. दुसऱ्याच्या शिवारातला पाऊस

पहिली शंका राहिली होती : पाऊस नसताना पाणी चढते कसे? याचे सर्वांत साधे उत्तर असे की, पाऊस नव्हता तो आपल्या अंगणात. वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात बैतुल जिल्ह्यात मुलताईजवळ; तेथे रात्री झोडपून पाऊस झाला आणि अमरावतीस सकाळी लख्ख ऊन पडले, तरी सिंभोऱ्याचे पाणी चढणारच. वानचेही तसेच. तिचे पाणलोट मेळघाटच्या जंगलात आहे, आणि जंगल पाण्याला एकदम सोडत नाही. पालापाचोळ्यात, भुसभुशीत मातीत आणि खडकांच्या भेगांत मुरलेले पाणी पाऊस उघडल्यावरही कित्येक दिवस ओढ्यांना पाझरत राहते. तेल्हाऱ्याच्या बाजारात धूळ उडत असताना हनुमान सागर दोन बोटे चढावा, यात अघटित काही नाही.

वारा हेही एक कारण आहे. एका दिशेने जोराचा वारा तासन् तास वाहिला, तर तो पृष्ठभागावरचे पाणी ढकलत नेऊन समोरच्या काठाशी साचवतो. भिंतीकडे वारा असेल तर पट्टीवर पाणी थोडे अधिक दिसते आणि मागच्या टोकाला तितकेच कमी. वारा पडला की साचलेले पाणी मागे फिरते, ओघात पलीकडे थोडे जास्त जाते, आणि सबंध जलाशय काही काळ डोलत राहतो. साठ्यात थेंबाचा फरक नाही, पातळी मात्र हलली. आपल्या धरणांवर हा प्रकार सेंटिमीटरांचाच, तेव्हा त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

ऊन मात्र वऱ्हाडात क्षुल्लक म्हणून सोडता येत नाही. अकोल्याचा मे महिना ज्याने अनुभवला आहे त्याला हे सांगावयास नको. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जाते. पाच चौरस किलोमीटरच्या जलाशयावर याचा अर्थ रोजचे पाच कोटी लिटर. ना पिकाला, ना माणसाला, ना दिव्याला. ज्यांना वीजघराच्या पाण्याचा हिशेब विचारावासा वाटतो, त्यांनी हा हिशेबही एकदा मांडून पाहावा. सूर्याला जाब विचारता येत नाही, ही गोष्ट निराळी.

६. दारे उघडी, तरी पाणी चढतेच!

आता दुसरी शंका, भर पावसाळ्यात पाणी उतरण्याची. ऑगस्टात धरण पुरते भरलेले नसताना दारे उघडून पाणी सोडले जाते, आणि नदीकाठी उभा असलेला शेतकरी कपाळावर हात मारून घेतो. मागची दोन वर्षे ज्याने पाण्यावाचून काढली, त्याला हे पाहवत नाही हे स्वाभाविकच. परंतु मोठ्या धरणांवर पाणी केव्हा किती ठेवावयाचे याची एक मंजूर यादी असते. तिला जलाशय परिचलन सूची म्हणतात. पावसाळा अजून शिल्लक आहे तोवर वर थोडी जागा रिकामी ठेवावी, म्हणजे अवचित मोठा लोंढा आला तर तो सामावून घेता येईल, आणि पावसाळा ओसरता ओसरता ती जागा भरून काढावी, असे तिचे धोरण. या सूचीत चूक होऊच शकत नाही असे नव्हे. सप्टेंबरात पावसाने दगा दिला तर सोडलेल्या पाण्याचा पश्चात्ताप उरतो. पण काठोकाठ भरलेल्या धरणावर मध्यरात्री पूर आला तर पश्चात्तापालाही सवड मिळत नाही, आणि या दोहोंत कोणती जोखीम पत्करावी याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

पूर येत असताना आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते : दारे उघडी असतात, खाली पाणी धो धो वाहत असते, आणि पट्टीवरचा आकडा चढतच असतो. हिशेब सोपा आहे. समजा सेकंदाला ३०० घनमीटर पाणी येत आहे आणि २०० सोडले जात आहे. उरलेले १०० घनमीटर दर सेकंदाला आत राहते. तीन तासांत ते १० लाख ८० हजार घनमीटर झाले, आणि पाच चौरस किलोमीटरच्या जलाशयावर सुमारे २२ सेंटिमीटर चढ झाला. मग तितकेच का सोडले, तीनशेच्या तीनशे का नाही? कारण ते शंभर खालच्या गावाला नको असतात. पुराचा माथा कापून तो काही तास जलाशयात धरून ठेवणे आणि लोंढा ओसरल्यावर सावकाश सोडणे, हेच धरणाचे काम. तो २२ सेंटिमीटर चढ म्हणजे खालच्या गावात न शिरलेले पाणी होय. त्यानंतर पाऊस पूर्ण उघडलेला असतानाही दारे उघडी राहतात आणि पाणी उतरते, ते उसने घेतलेली जागा परत मोकळी करण्यासाठी.

७. किती उतरले यापेक्षा किती वेगाने

आपल्याकडच्या धरणांचा बराचसा भाग मातीचा असतो. जलाशय भरलेला असताना पाणी मातीत आतवर मुरते, आणि बाहेरच्या पाण्याचा भार त्या ओल्या उताराला आधार देत असतो. जलाशय सावकाश उतरला तर आतले पाणीही त्याच्या मागोमाग झिरपून बाहेर येते. परंतु तो झपाट्याने उतरवला तर बाहेरचा आधार निघून जातो आणि आतले पाणी मात्र तसेच राहते. जड झालेला उतार मग दगडी पिचिंगसकट घसरण्याचा संभव असतो. म्हणून दुरुस्तीसाठी पाणी तात्पुरते खाली न्यावयाचे असले, तरी ते एका रात्रीत नेत नाहीत. चढण्याचा वेगही निर्दोष नव्हे : ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर जो अभ्यास झाला, त्यात जलाशय किती भरला याबरोबर तो किती वेगाने भरला हाही मुद्दा पुढे आला.

नदीच्या पात्रातल्या माणसाला तर वेग हीच मुख्य गोष्ट. दार उघडण्यापूर्वी भोंगा वाजतो, काठच्या गावांत दवंडी दिली जाते, गुरे पात्रात नेऊ नका अशी ताकीद असते. कारण कोरड्या वाळूतून ढोपरभर पाणी होण्यास मिनिटे पुरतात, आणि वर आकाश निरभ्र असल्यामुळे कोणी सावध नसतो.

आणि ज्यांचे पोट पाण्याच्या उतारावरच अवलंबून आहे असेही लोक आहेत. हिवाळ्यात जलाशय मागे सरू लागला की काठाची गाळाची जमीन उघडी पडते. ती गाळपेर म्हणून एकसाली पट्ट्याने दिली जाते, व तिच्यावर अव्वल हक्क, ज्यांच्या जमिनी त्याच पाण्याखाली गेल्या त्या धरणग्रस्तांचा मानला जातो. तेथे खत लागत नाही, ओल जमिनीतच असते, हरभरा जोमाने येतो. परंतु पाणी ठरल्या वेळी उतरले नाही तर पेरणी साधत नाही, आणि उन्हाळी पीक उभे असताना वळवाचा मोठा पाऊस होऊन पाणी हातभर चढले तर काठच्या पहिल्या दोन ओळी पाण्यात जातात. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला जी पातळी वर हवी, ती या शेतकऱ्याला खाली हवी. पाटबंधारे खात्याच्या दप्तरी दोघांचेही अर्ज असतात.

८. तेच पाणी पुन्हा वर

शेवटी एका निराळ्याच व्यवस्थेचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती पुढेमागे वऱ्हाडच्या उंबरठ्याशी येण्याचा संभव आहे. अकोले तालुक्यात (हे अकोले नगरकडचे, आपले अकोला नव्हे, पत्रव्यवहारात ही गफलत नेहमी होते) सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरला प्रवरेच्या उगमाकडे एक जलाशय आहे, आणि चारशे मीटरांहून अधिक खाली, शहापूर तालुक्यात, दुसरा. या दोहोंमध्ये १२५ मेगावॅटची दोन यंत्रे असून २००८ साली ती कार्यान्वित झाली. विजेची मागणी शिगेला पोहोचली की वरचे पाणी खाली सोडून वीज काढतात. मागणी मंदावली आणि वीज स्वस्त झाली की तीच यंत्रे उलटी फिरवून तेच पाणी पुन्हा वर चढवतात. याला उदंचन म्हणतात. वर चढवण्यास चार युनिटे लागली तर उतरताना साधारण तीन परत मिळतात. हा तोट्याचा व्यवहार दिसतो खरा, पण नकोशा वेळची चार युनिटे देऊन निकडीच्या वेळची तीन मिळवणे हा व्यापारी दृष्टीने नफाच आहे, आणि दुपारच्या उन्हावर चालणारी सौर वीज जसजशी वाढेल तसतसा तो अधिकच पटू लागेल.

अशा जलाशयांत पातळी एका दिवसात जितकी चढते-उतरते तितकी वानला सबंध पाणीपाळीत उतरत नाही. आणि तरीही पाणी जवळजवळ खर्च होत नाही, वाफ आणि पाझर वजा जाता तेवढेच्या तेवढे राहते. चिखलदऱ्याकडच्या उंच कड्यांचा उपयोग करून ४०० मेगावॅटची अशी योजना करावी, ही कल्पना सरकारी कागदांत बऱ्याच काळापासून आहे. मेळघाटचे अरण्य आणि व्याघ्रप्रकल्प यांच्या सान्निध्यामुळे तिचा मार्ग सोपा नाही, आणि तो सोपा असूही नये. पण ती झालीच, तर वऱ्हाडात प्रथमच एखादा जलाशय दिवेलागणीला उतरेल आणि दुपारी चढेल. सकाळच्या एका नोंदीवर चाललेले ते वृत्तपत्रातले कोष्टक तेव्हा त्याच्यासाठी पुरे पडणार नाही, त्याला तासागणिक रकाने आखावे लागतील.